वाचकांचे प्रश्न : समितीच्या खोलीचे दार

अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांत शिकवणाऱ्या, संशोधन करणाऱ्या किंवा मुलांना तिथे शिकायला पाठवलेल्या वाचकांची पत्रे गेल्या काही महिन्यांत एकाच विषयाभोवती जमत गेली. विद्यापीठाच्या समितीची बैठक सुरू असताना बाहेरच्या माणसाला आत येऊन बसता येते का, आणि येत असेल तर कोणत्या समितीत, हा तो विषय. पत्रांतला प्रश्नाचा भाग तेवढा ठेवला आहे आणि लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

उत्तरांआधी एक खुलासा करणे भाग आहे. साऱ्या अमेरिकेला लागू असा खुल्या बैठकांचा एकच कायदा नाही. १९७६ चा केंद्रीय कायदा केंद्र सरकारच्या बहुसदस्यीय आयोगांपुरता आहे आणि १९७२ चा सल्लागार समित्यांचा कायदा केंद्राच्या खात्यांना सल्ला देणाऱ्या समित्यांपुरता. राज्याच्या विद्यापीठाच्या समित्यांना यांतला एकही लागू होत नाही. तिथे त्या त्या राज्याचा कायदा चालतो. एका राज्यातले उत्तर शेजारच्या राज्यात नेले तर ते टिकेलच असे नाही, म्हणून ज्या वाचकांनी पत्रात राज्याचे नाव लिहिले नव्हते त्यांना मला आधी उलट पत्राने तेच विचारावे लागले.

प्रश्न : मी फ्लोरिडातील एका सरकारी विद्यापीठात सहयोगी प्राध्यापक आहे. डीनपदासाठी, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रमुखपदासाठी, नेमलेल्या शोध समितीत मला घेतले आहे. पहिल्याच बैठकीला विद्यार्थी वृत्तपत्राची एक वार्ताहर वही घेऊन दारात आली. "आपण फक्त शिफारस करतो, निर्णय वर होतो, त्यामुळे हा कायदा आपल्याला लागू नाही", असे सांगून समितिप्रमुखांनी तिला परत पाठवले. त्यांचे म्हणणे बरोबर होते का?

उत्तर : नव्हते. नेमका हाच युक्तिवाद, तोही डीनच्याच शोध समितीबद्दल, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये 'वुड विरुद्ध मार्स्टन' या खटल्यात फेटाळला आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयासाठी डीन शोधणाऱ्या समितीचा तो वाद होता. समिती अर्ज मागवते, छाननी करते आणि नावे पुढे पाठवते, नेमणूक मात्र वर होते, असे विद्यापीठाचे म्हणणे होते. न्यायालयाची नजर दुसऱ्या टोकाला गेली. कोणती नावे पुढे गेली यापेक्षा कोणती गेली नाहीत हे त्याने पाहिले. ज्याचा अर्ज समितीच्या टेबलावरच बाद झाला, त्याच्यापुरता निर्णय तिथेच संपला. वरच्या अधिकाऱ्याच्या विचारात तो पुन्हा येणारच नव्हता. अर्ज बाद करणे हेच निर्णय घेणे आहे, सबब समितीच्या बैठका खुल्या हव्यात, असे न्यायालयाने ठरवले. चाळणी ज्याच्या हातात आहे, त्याने आपण फक्त पीठ पुढे सरकवतो असे म्हणून भागत नाही.

हीच समिती जर केवळ माहिती गोळा करणारी असती, म्हणजे आलेले सर्व अर्ज व्यवस्थित लावून, एकही न वगळता वर देणारी असती, तर फ्लोरिडातही उत्तर वेगळे आले असते. परंतु शंभर अर्ज जसेच्या तसे वर पाठवणारी शोध समिती मी तरी पाहिलेली नाही. समिती नेमायची ती गाळण्यासाठीच.

तुमच्या समितिप्रमुखांच्या डोक्यात कदाचित २०२२ ची दुरुस्ती असेल. त्या वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळाने शोधप्रक्रियेतील बराचसा भाग झाकला. अर्जदारांची ओळख गुप्त राहते, आणि अंतिम टप्प्यात पोहोचलेल्यांची माहिती त्या टप्प्यातील मुलाखतीच्या किंवा मतदानाच्या किमान २१ दिवस आधी उघड करावी लागते. मात्र ही सवलत विद्यापीठाच्या आणि राज्याच्या महाविद्यालयांच्या अध्यक्षपदापुरती आहे. डीनच्या शोधाला ती मिळत नाही. पुढच्या बैठकीआधी हे समितिप्रमुखांना लेखी कळवा, आणि सूचना काढली आहे का, इतिवृत्त लिहिले जाते आहे का, याचीही चौकशी करा. फ्लोरिडात दार उघडे ठेवणे, वाजवी सूचना देणे आणि इतिवृत्त ठेवणे या तिन्ही गोष्टी बरोबरच येतात, आणि तिसरी बहुधा विसरली जाते.

प्रश्न : मी टेक्ससमध्ये आहे. आमच्याकडच्या बहुतेक समित्या 'सल्लागार' म्हणवतात. नुसत्या नावावरून काही ठरते का? आणि ठरत नसेल तर माझ्यासारख्या कायदा न शिकलेल्या माणसाने ओळखायचे कसे?

उत्तर : नावावरून जवळजवळ काहीच ठरत नाही. कृती दल, कार्यगट, मंडळ, परिषद, पॅनेल ही सगळी नावे बदलता येतात आणि सोयीनुसार बदललीही जातात. तुमच्या राज्यात सर्वसाधारण नियम असा की निव्वळ सल्ला देणाऱ्या समितीला खुल्या बैठकांचा कायदा लागत नाही. तरीही तिथल्या ॲटर्नी जनरलांनी, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यांनी, एक महत्त्वाची पुस्ती जोडली आहे : समितीने शिफारस करायची आणि वरच्या मंडळाने त्यावर नुसते 'मम' म्हणायचे, असा व्यवहार असेल, तर ती समिती सल्लागार राहत नाही. म्हणजे कागदाइतकीच वहिवाटही पाहावी लागते. गेल्या पाच वर्षांत या समितीची एखादी शिफारस वरून कधी परत आली का, एवढे विचारून पाहा.

मात्र आधी कागद पाहावा. समिती नेमताना एक नेमणूकपत्र काढतात. ते बहुतेक वेळा एका पानाचे असते आणि त्यातल्या तीनच गोष्टी तुम्हाला हव्या असतात. पहिली, पत्रावर सही कोणाची : नियामक मंडळाची, अध्यक्षांची की एखाद्या विभागप्रमुखाची. दुसरी, आधार काय सांगितला आहे : राज्याचा कायदा, मंडळाचा नियम, की 'मला योग्य वाटले म्हणून'. तिसरी, क्रियापद. 'मते कळवावीत' आणि 'तीन नावे, क्रम न लावता, सादर करावीत' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, कारण दुसऱ्यात उरलेली नावे कापण्याचा अधिकार गुपचूप दिलेला असतो. मी या पत्राला समितीचा जन्मदाखला म्हणतो. समिती आतून कोण आहे हे तिच्या पाटीपेक्षा या दाखल्यावरून लवकर कळते.

सहीबद्दल मात्र एक सावधगिरी हवी. सही खालच्या अधिकाऱ्याची आहे एवढ्यावरून समिती सुटत नाही. विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय विद्यापीठाचा नसून ॲपलटन येथील शालेय जिल्ह्याचा आहे, पण मुद्दा तोच. नववीच्या एका विषयाची वाचनयादी तपासायला जिल्ह्याच्या कर्मचाऱ्यांनी १७ जणांची समिती नेमली. एका पालकाला आत बसू दिले नाही. ही तर कर्मचाऱ्यांनी आपसांत केलेली समिती, असा बचाव होता. न्यायालयाने दाखला मागे मागे वाचत नेला, तेव्हा समितीचा अधिकार शाळामंडळाने केलेल्या नियमातून आलेला निघाला. कर्मचाऱ्यांच्या हातून जन्मली, पण वंश मंडळाचा. म्हणून कायदा लागू.

उलट बाजूचेही एक उदाहरण देतो. इलिनॉय विद्यापीठातील असेम्ब्ली हॉल या सभागृहाच्या सल्लागार समितीच्या बैठका खुल्या असाव्यात, अशी मागणी न्यायालयात गेली होती. ही विद्यापीठाच्या आतली, सल्ल्यापुरती समिती आहे, असे म्हणून तिथल्या अपील न्यायालयाने १९७७ मध्ये ती मागणी नाकारली. मंडळाची स्वतःची पोटसमिती असेल तर मात्र प्रश्न बराच सोपा होतो. वसतिगृहात मद्य बाळगू द्यावे का, या विषयावर अर्कान्सा विद्यापीठाच्या विश्वस्तांच्या एका समितीने बंद दाराआड चर्चा केली, आणि मंडळाला लागू असलेला कायदा मंडळाच्या समितीलाही लागू आहे, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केले.

प्रश्न : आमच्या विभागाच्या प्राध्यापकांची दर महिन्याला बैठक होते. तिथे अभ्यासक्रम बदलतो, प्रवेशाचे निकष ठरतात. फॅकल्टी सेनेट, म्हणजे प्राध्यापकांची प्रतिनिधीसभा, हीही आहे. ही सर्व 'खुली' धरायची का? मी वॉशिंग्टन राज्यात आहे. माझी बहीण नॉर्थ कॅरोलिनात शिकवते आणि ती ठामपणे नाही म्हणते.

उत्तर : तुम्ही दोघीही आपापल्या जागी बरोबर असू शकता, आणि या विषयातली खरी मौज हीच आहे. वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर १९७५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयातील प्राध्यापकसभेचा प्रश्न आला. अंतिम अधिकार रीजंट मंडळाकडे, म्हणजे विद्यापीठाच्या नियामक मंडळाकडे, आहे हे मान्य करूनही, महाविद्यालयाचा कारभार प्रत्यक्षात हीच सभा पाहते, या कारणाने न्यायालयाने तिच्या बैठका १९७१ च्या राज्य कायद्याखाली आणल्या. दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, नॉर्थ कॅरोलिनाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तिथल्या विधी महाविद्यालयाची प्राध्यापकसभा आली आणि न्यायालयाने बरोबर उलटे सांगितले. त्याच वर्षी टेनेसीच्या अपील न्यायालयानेही तिथल्या विधी महाविद्यालयाची प्राध्यापकसभा व तिच्या समित्या कायद्याबाहेर ठेवल्या. तीन राज्ये, तिन्हीकडे कायदा शिकवणाऱ्यांचीच सभा, आणि निकाल मात्र एकाला दोन असे विभागलेले. नॉर्थ कॅरोलिनाचा कायदा पुढे नव्याने लिहिला गेला. त्यातही सार्वजनिक संस्थेच्या केवळ व्यावसायिक कर्मचाऱ्यांची आपसांतील बैठक वगळलेली आहे, त्यामुळे तुमच्या बहिणीच्या ठामपणाला आजही आधार आहे.

सेनेटची गोष्ट थोडी निराळी आहे, कारण सेनेटला बहुधा लिखित घटना असते आणि तिच्या अधिकारांची साखळी मंडळापर्यंत जाते. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २००५ मध्ये होस्टोस कम्युनिटी कॉलेजच्या सेनेटचा आणि तिच्या कार्यकारी समितीचा विचार करताना ही साखळीच तपासली. सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कच्या नियमांनी सेनेटला धोरणे ठरवून पुढे पाठवण्याचे काम दिले आहे, हे काम शासकीय स्वरूपाचे आहे, म्हणून दोन्ही खुल्या, असा निकाल लागला. माझ्या मते यातला कार्यकारी समितीचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. पूर्ण सेनेटच्या बैठकीत येणारा विषय आधी त्या छोट्या खोलीत भाजून निघालेला असतो. मोठ्या सभेत तो केवळ वाढला जातो.

प्रश्न : मी जीवशास्त्रातील संशोधक आहे आणि प्राण्यांवरील प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीवर आहे. प्राणिहक्क कार्यकर्ते बैठकीला येऊ लागले तर आम्हाला मोकळेपणाने बोलता येणार नाही. कायदा आमच्या बाजूने आहे का?

उत्तर : ते तुमचे विद्यापीठ सरहद्दीच्या कोणत्या बाजूला आहे यावर अवलंबून आहे, आणि हे मी विनोदाने म्हणत नाही. प्राणी कल्याण कायद्यात १९८५ मध्ये झालेल्या दुरुस्तीने प्रत्येक संशोधन संस्थेला अशी समिती बंधनकारक केली : किमान तीन सदस्य, त्यांत एक पशुवैद्य आणि एक संस्थेशी संबंध नसलेली व्यक्ती. म्हणजे देशभरात ही समिती एकाच केंद्रीय कायद्याच्या पोटी जन्मली. तरीही १९९२ या एकाच वर्षात लागून असलेल्या दोन राज्यांनी तिच्याबद्दल विरुद्ध निकाल दिले. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने राज्य विद्यापीठाच्या स्टोनी ब्रूक येथील समितीबद्दल म्हटले की तिचे सारे अधिकार केंद्रीय कायद्यातून आलेले आहेत, ती राज्याचे शासकीय काम करत नाही, म्हणून राज्याचा खुल्या बैठकांचा कायदा तिला लागत नाही. व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हरमाँट विद्यापीठातील तशाच समितीला सार्वजनिक संस्थेची समिती मानून कायद्याखाली घेतले. न्यूयॉर्कने दाखल्यावर बापाचे नाव पाहिले, व्हरमाँटने घर पाहिले, असे म्हणता येईल. मला व्हरमाँटचे वाचन अधिक पटते, कारण समिती स्थापन करायला केंद्राने सांगितले असले तरी तिच्यावर सदस्य नेमणारी, तिला खोली आणि कारकून देणारी संस्था राज्याचीच असते.

मोकळेपणाची तुमची चिंता मी हलकी मानत नाही. परंतु समिती कायद्याखाली आली म्हणजे प्रत्येक क्षणी दार सताड उघडे, असे कुठेच नाही. जवळजवळ प्रत्येक राज्यात बैठकीचा काही भाग बंद करण्यासाठी ठरलेली कारणे दिलेली असतात. त्यासाठी आधी खुली बैठक सुरू करावी लागते, दार लावण्याचे कारण कायद्यातील तरतुदीसह सांगावे लागते, अनेक ठिकाणी त्यावर मतही घ्यावे लागते, आणि दार लावल्यावर त्याच विषयावर बोलावे लागते. तुमच्या राज्यातील कारणांच्या यादीत तुमचा विषय बसतो का, हे विद्यापीठाच्या विधी कार्यालयाकडून लेखी घ्या. 'आम्हाला संकोच होतो' हे कारण त्या यादीत मिळणार नाही.

प्रश्न : आमच्या समितीचे सात सदस्य आहेत. बैठक कधी एकदा होते, पण रोज ईमेल चालू असते. 'सर्वांना उत्तर' दाबून अर्धा निर्णय तिथेच होतो. ही बैठक झाली का?

उत्तर : होऊ शकते, आणि या बाबतीत जाणूनबुजून कायदा मोडणाऱ्यांपेक्षा नकळत मोडणारे जास्त असतात. खोली आणि खुर्च्या कायद्याला बहुधा नको असतात. ठरलेल्या संख्येच्या सदस्यांनी समितीच्या कामावर विचारविनिमय केला की पुरते. ती संख्या राज्यागणिक वेगळी आहे. कित्येक ठिकाणी गणसंख्या, म्हणजे बैठक वैध ठरायला लागणारी किमान सदस्यसंख्या, लागते. व्हर्जिनियात तीन सदस्य, किंवा गणसंख्या त्याहून कमी असल्यास तेवढे, जमले की बैठक मानतात. कोलोरॅडोत राज्यस्तरीय संस्थेच्या दोनच सदस्यांची चर्चा बैठक ठरू शकते.

गणसंख्या एकाच वेळी जमली नाही म्हणून सुटका होते, असा समज आहे. नेवाडाचा १९९८ चा निकाल तो समज मोडतो. तिथल्या रीजंट मंडळातील एका सदस्येच्या वक्तव्यांवर टीका करणारे एक निवेदन तयार झाले. अध्यक्षांनी त्याचा मसुदा त्या सदस्येला वगळून बाकी सर्वांना फॅक्सने पाठवला आणि संमती आहे का हे कळवायला सांगितले. उत्तरे फोनवरून आली. कोणी कोणासमोर बसले नव्हते, निवेदन शेवटी प्रसिद्धही झाले नाही, तरीही गणसंख्येइतक्या सदस्यांनी एकामागून एक संपर्क साधून सामूहिक निर्णय घेतला, म्हणून कायद्याचा भंग झाला असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. फॅक्सच्या जागी ईमेल ठेवा, तुमच्या समितीचे चित्र तयार.

विस्कॉन्सिनमध्ये आणखी एक बारकावा आहे. १९८७ च्या एका खटल्यात ११ सदस्यांच्या आयोगाचे चारच सदस्य अर्थसंकल्पावर बोलायला जमले होते. चार म्हणजे गणसंख्या नव्हे. परंतु अर्थसंकल्पाला दोनतृतीयांश मते, म्हणजे आठ, लागत होती. चौघे विरोधात गेले की सातच उरतात. मंजूर करायला जे पुरेसे नाहीत ते अडवायला पुरेसे आहेत, म्हणून ती बैठकच, असे न्यायालयाने म्हटले.

तुमच्यासाठी व्यवहारातला मार्ग साधा आहे. तारीख, वेळ, जोडलेले कागद, एवढ्यासाठी ईमेल वापरावी, आणि ज्या वाक्यात 'मला वाटते' येते ते वाक्य बैठकीसाठी राखून ठेवावे. समितीच्या चिटणिसाने प्रत्येक ईमेलच्या तळाशी 'कृपया सर्वांना उत्तर देऊ नये' अशी ओळ टाकली तरी अर्धे काम होते.

प्रश्न : विद्यापीठाच्या अध्यक्षाचा शोध मिशिगनमध्ये गुप्तपणे होतो आणि आमच्या मिनेसोटात मंडळाला न्यायालयाने अडवले, असे ऐकले. दोन्ही विद्यापीठांना राज्यघटनेनेच स्वायत्तता दिली आहे ना?

उत्तर : दिली आहे, आणि दोन न्यायालयांनी तिचा अर्थ वेगवेगळा लावला. मिशिगनची कहाणी दोन अंकी आहे. मिशिगन विद्यापीठाच्या रीजंटांनी अध्यक्ष निवडताना छोटे गट करून उमेदवारांच्या भेटी घेतल्या आणि एकेका सदस्याला फोन करून यादी आखूड केली. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याला १९७६ च्या खुल्या बैठकांच्या कायद्याचा भंग म्हटले. सहा वर्षांनी, मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने भूमिका फिरवली : अध्यक्ष निवडण्याच्या कामात हा कायदा लादला तर मंडळाच्या घटनादत्त अधिकारावर अतिक्रमण होते. आता तिथे मंडळांवर मुख्य बंधन उरले आहे ते राज्यघटनेतील एका वाक्याचे, की मंडळांची औपचारिक सत्रे खुली असावीत. साहजिकच सारा खेळ 'औपचारिक' या शब्दावर येऊन ठेपतो.

मिनेसोटाच्या रीजंटांनी २००२ मध्ये अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या मुलाखती बंद दाराआड घेतल्या आणि पुढे असाच घटनात्मक बचाव केला. २००४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो स्वीकारला नाही. मंडळाने अध्यक्ष कोणाला करावे यात विधिमंडळ ढवळाढवळ करत नाही, फक्त ते काम लोकांसमोर करा म्हणते, असा त्याचा सूर होता. बंद शोधामुळे चांगले उमेदवार मिळतात, कारण सध्याच्या नोकरीत बोभाटा झालेला कोणाला नको असतो, हा दावा दोन्हीकडे झाला. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पण तोच दावा पोलीसप्रमुखाच्या किंवा शहर व्यवस्थापकाच्या नेमणुकीतही करता येतो.

प्रश्न : माझा मुलगा एका सरकारी विद्यापीठात आहे. त्याच्या क्लबवर शिस्तभंगाची कारवाई चालू आहे आणि सुनावणी विद्यार्थ्यांचेच मंडळ घेणार आहे. वार्ताहर येऊन बसतील का?

उत्तर : विद्यार्थ्यांचे मंडळ आहे म्हणून ते कायद्याबाहेर, असे धरू नका. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये, विद्यार्थी वृत्तपत्राने लढवलेल्या खटल्यात, जॉर्जिया विद्यापीठाच्या विद्यार्थी न्यायमंडळाच्या सुनावण्या आणि कागद खुले केले. ते मंडळ विद्यार्थी संघटनांवरील आरोप ऐकत असे, म्हणजे प्रकरण तुमच्यासारखेच. नॉर्थ कॅरोलिनात १९९८ मध्ये अपील न्यायालयाने विद्यार्थी न्यायमंडळाला सार्वजनिक संस्था मानले, पण विद्यार्थ्यांच्या नोंदी गुप्त ठेवण्याच्या १९७४ च्या केंद्रीय कायद्यामुळे सुनावणी बंद करता येते असे सांगितले. शिस्तभंगाच्या नोंदी या विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदी ठरतात, असे एका केंद्रीय अपील न्यायालयाने २००२ मध्ये ओहायोतील प्रकरणात म्हटल्यापासून विद्यापीठांचा कल बंद सुनावणीकडे आहे. आरोप संघटनेवर आहे की मुलावर व्यक्तिशः, हे नोटिशीत नीट वाचा. पुष्कळ काही त्यावर फिरते.

प्रश्न : खुल्या बैठकीत मला बोलता येईल का? आणि चुकीने बंद ठेवलेल्या बैठकीतला निर्णय रद्द होतो का?

उत्तर : बसण्याचा हक्क म्हणजे बोलण्याचा हक्क नव्हे. कॅलिफोर्नियाचा कायदा राज्यस्तरीय संस्थांपुढे नागरिकांना बोलण्याची संधी देतो, फ्लोरिडाने २०१३ मध्ये तशी तरतूद केली. अनेक राज्यांत ती नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या आधारे ती मागता येत नाही, कारण मिनेसोटातील कम्युनिटी कॉलेजांच्या प्राध्यापकांच्याच खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सांगितले की धोरण ठरवणाऱ्यांनी आपले ऐकलेच पाहिजे, असा घटनात्मक हक्क कोणालाही नाही.

निर्णय रद्द होऊ शकतो, पण तो आपोआप नाहीसा होत नाही; कोणीतरी मुदतीत न्यायालयात जावे लागते, आणि मुदत काही राज्यांत फारच तुटपुंजी असते. शिवाय बऱ्याच ठिकाणी संस्थेला चूक सुधारता येते. फ्लोरिडाच्या न्यायालयांनी यावर अट घातली आहे : पुन्हा घेतलेली खुली बैठक नव्याने विचार करणारी हवी, जुन्या निर्णयावर दोन मिनिटांत हात वर करून घेणारी नको. तिथे नकळत झालेल्या भंगाला ५०० डॉलरपर्यंत दंड आहे आणि जाणूनबुजून केलेल्या भंगाला ६० दिवसांपर्यंत कैदेची तरतूद आहे. म्हणून दारातून परत पाठवले गेलात तर वाद न घालता तारीख, वेळ, कोण कोण आत होते आणि कोणते कारण सांगितले, एवढे जागच्या जागी लिहून काढा, आणि त्याच दिवशी समितीचे नेमणूकपत्र, बैठकीची सूचना आणि इतिवृत्त यांची लेखी मागणी करा. सूचना काढलीच नव्हती, असे उत्तर आले, तर तेही लेखी मागून घ्या.